गॅसचा भडका उडाल्यावर या चुका टाळा

नव्या सिलिंडरला रेग्युलेटर लावताना माझ्या मावशीच्या घरी भडका उडाला. तिचे दोन्ही हात कोपरापर्यंत भाजले. आम्ही सगळे दवाखान्यात, आणि इकडे कुणीतरी चांगल्या मनाने घर आवरलं, जळकी नळी कचऱ्यात टाकली. संध्याकाळी एजन्सीचा माणूस सिलिंडर उचलून घेऊन गेला, पावतीसुद्धा नाही. चूक कुणाची हे दाखवायला आमच्या हातात काहीच उरलं नाही.

आधी जखम. वीस मिनिटं नळाच्या वाहत्या पाण्याखाली धरा. टूथपेस्ट, शाई, हळद, बर्फ, काहीही लावू नका. मग स्वयंपाकघराचे फोटो काढा आणि पंचनामा होईपर्यंत नळी, रेग्युलेटर, शेगडी हलवू देऊ नका.

कारण जबाबदारी या वस्तूंवरूनच ठरते. व्हॉल्व्हमधला रबरी वॉशर खराब असेल, तर प्रश्न एजन्सीला आणि कंपनीला विचारायचा. सिलिंडर देताना गळती तपासून देणं त्यांचं काम आहे. शेगडीच सदोष निघाली, तर 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने उत्पादकाकडे भरपाई मागता येते. जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत जा. पण सुरक्षा नळी पाच वर्षांनी बदलायची असते. ती उंदराने कुरतडलेली, दहा वर्षांची निघाली, तर दोष आपल्याकडे येतो.

सगळ्यात महाग पडते ती दवाखान्यातली चूक. पोलिसांच्या भीतीने नातेवाईक 'गरम पाणी सांडलं' असं सांगतात. केसपेपरवर तेच लिहिलं जातं आणि पुढचा प्रत्येक कागद त्याच्याशी ताडला जातो. भाजलेल्या बाईचा जबाब तिचा तिलाच देऊ द्या. तिच्या तोंडी शब्द घालू नका, मग कारण काहीही असो.

तेल कंपन्यांनी गॅस अपघातांसाठी विमा काढलेला असतो, त्याचा हप्ता आपण वेगळा भरत नाही. बहुतेकांना हे ठाऊकच नसतं. मात्र घराच्या नुकसानीची भरपाई कनेक्शन नोंदवलेल्या पत्त्यापुरतीच मिळते, म्हणून घर बदललं की पत्ताही बदलून घ्या. अपघाताची खबर एजन्सीला लगेच लेखी द्या आणि आपल्या प्रतीवर पोच घ्या. पुढे कंपनीला आणि विमावाल्यांना कळवणं एजन्सीचं काम. औषधांची मूळ बिलं आणि डिस्चार्ज कार्ड झेरॉक्स काढल्याशिवाय कुणाच्याही हातात देऊ नका.