परदेशी जाताना जिमचे पैसे कसे सोडवले

जर्मनीचा व्हिसा हातात आला तेव्हा पुण्यातल्या जिमची वर्षाची मेंबरशिप जेमतेम सुरू झाली होती. काउंटरवर एकच उत्तर मिळालं, ‘सर, नॉन-रिफंडेबल आहे.’ पावतीच्या मागे बारीक अक्षरात तसं छापलेलंही होतं. पण छापलं म्हणजे कायद्याने चालतंच असं नाही. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 मधल्या कलम 2(46) मध्ये ‘अनुचित करार’ येतो. करार मोडल्यावर झालेल्या नुकसानीच्या मानाने अवाजवी दंड लावणं त्यात बसतं.

मग तोंडी वाद थांबवून सगळं ईमेलवर आणलं. व्हिसा, ऑफर लेटर, पावती जोडली आणि वापरलेल्या महिन्यांचे पैसे कापून उरलेले परत मागितले. उत्तर येईना, तेव्हा 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून तिचा क्रमांक त्याच ईमेलमध्ये टाकला. त्यानंतर मॅनेजरचा स्वतःहून फोन आला! थोडी रक्कम कापून बाकीचे पैसे परत करायला जिम तयार झालं.

फी ईएमआयवर भरली असेल तर मात्र फार जपा. ते कर्ज फायनान्स कंपनीचं असतं. जिमने ‘कॅन्सल’ म्हटलं तरी हप्ते चालूच राहतात आणि ते परस्पर थांबवले तर सिबिल स्कोअर घसरतो. माझी फीही ईएमआयवरच होती, म्हणून मी जिमकडून थेट त्या कंपनीला पैसे परत करायला लावले, कर्ज बंद झाल्याचं पत्र घेतलं आणि मगच बँकेतला ऑटो-डेबिट रद्द केला.