ॲनिलीनचा उतारा (हाती येणारे उत्पादन) वाढवण्यासाठी

कथिल आणि संहत हायड्रोक्लोरिक आम्ल वापरून नायट्रोबेंझीनचे क्षपण (ऑक्सिजन काढून हायड्रोजन जोडण्याची क्रिया) करून ॲनिलीन बनवताना मिश्रणाचे काही थेंब पाण्यात टाकावेत. तेलकट थेंब न दिसता ते स्वच्छ विरघळले, तर क्षपण पूर्ण झाले. मात्र या टप्प्यावर ॲनिलीन मुक्त नसून कथिलाच्या क्लोराइडसह लवणरूपात असते. म्हणून ते मुक्त करण्यासाठी फ्लास्क थंड पाण्यात ठेवून सोडियम हायड्रॉक्साइडचे द्रावण हळूहळू घालावे आणि आधी पडलेला कथिल हायड्रॉक्साइडचा पांढरा साका बहुतांशी पुन्हा विरघळेपर्यंत थांबू नये. लिटमस निळा होताच हात आखडता घेतला, तर उतारा हमखास घटतो. मग बाष्प ऊर्ध्वपातन (वाफेबरोबर ॲनिलीन वाहून नेऊन, थंड करून गोळा करणे) केल्यावरही जमलेल्या दर १०० मिलिलिटर पाण्यात सुमारे साडेतीन ग्रॅम ॲनिलीन विरघळलेले राहते. त्यामुळे ॲनिलीन पाण्याबाहेर यावे म्हणून तेवढ्या पाण्यात २० ग्रॅम मीठ विरघळवून, ईथर ज्वालाग्राही असल्याने जवळपासचे सर्व बर्नर विझवून, मगच ईथरने निष्कर्षण करावे (ॲनिलीन ईथरमध्ये विरघळवून वेगळे काढावे).