गोल जिन्याचं माप घरच्या घरी कसं घ्यायचं

आमच्या रत्नागिरीकडं खाऱ्या वाऱ्यानं लोखंडी गोल जिना लवकर गंजतो, मग रेलिंग बदलायचं म्हटलं की फॅब्रिकेटर माप मागतो आणि आपण सरळ टेप लावून मोकळे, मी पण तेच केलं होतं, पाईप कमी पडला 😅

आधी एकूण उंची घ्या, खालच्या लादीपासून वरच्या लादीपर्यंत, वरून ओळंबा (दोरीला बांधलेलं वजन) खाली सोडून. नुसत्या पायऱ्या मोजून गुणाकार करू नका, जुन्या जांभ्याच्या घरात एक पायरी दुसरीसारखी नसतेच.

मग मधल्या खांबाच्या सेंटरपासून बाहेरच्या कडेपर्यंत त्रिज्या. खांब मधे येतो ना, म्हणून त्याच्या पृष्ठभागापासून मोजा आणि खांबाची अर्धी जाडी त्यात मिळवा.

आता खरी गंमत. समजा त्रिज्या ३० इंच, जिना एक पूर्ण फेरा घेतो, उंची १०८ इंच. घेर २ × ३.१४ × ३० म्हणजे साधारण १८८ इंच. पण रेलिंग गोल फिरता फिरता वर पण चढते, म्हणून १८८ चा वर्ग अधिक १०८ चा वर्ग, त्याचं वर्गमूळ, येतं जवळजवळ २१७ इंच, म्हणजे १८ फूट. नुसत्या घेरावर गेलात तर अडीच फुटाला फसलात. अर्धाच फेरा असेल तर घेर अर्धा धरा, उंची मात्र पूर्ण.

गणित नको असेल तर न ताणणारी सुतळी बाहेरच्या कडेनं पायरीच्या टोकाटोकाला चिकटपट्टीनं लावत वर न्या आणि नंतर सरळ करून मोजा, दोन्ही आकडे जवळपास आले पाहिजेत.

पायरीची रुंदी मात्र चालताना पाय पडतो तिथं घ्या, खांबाजवळ ती चिंचोळीच असते.