‘तेवढं सांभाळून घे’ म्हणणारा सहकारी मिळाला तर

नोकरीला लागल्यावर महिन्याभरात कळतंच की विभागात कोण काम करतं, कोण पाट्या टाकतं आणि कोण फक्त मस्टरवर भेटतं. दांड्या, दर सोमवारचा ताप, मोबाइल कानाला लावून तासभर गायब होणं, हे तुम्ही पाहिलं असेलच, त्यावर शाई खर्च करत नाही. मला सांगायचंय ते अशा माणसाच्या शेजारी उभ्या असलेल्या कामसू आणि भिडस्त नवख्याबद्दल. कारण आमच्याकडे दांड्या मारायचा तो, आणि वॉर्निंग लेटर मिळालं मला.

मी औषध कंपनीच्या क्वालिटी कंट्रोलमध्ये लागले. पहिली पाळी सात ते तीन. तीन वाजता मला सोडवायला पुढच्या पाळीचा रिलीव्हर यायचा, म्हणजे यायला हवा होता. पाच-सहा वर्षं सीनियर, हुशार, बोलायला लाघवी. पहिल्या आठवड्यात मशीन कसं हाताळायचं ते त्यानंच शिकवलं, त्यामुळे तोच माझा मेंटॉर असं मी मनाशी ठरवून टाकलं. (तेव्हापासून माझं एक मत पक्कं झालंय: पहिल्या आठवड्यात फार प्रेमानं शिकवणाऱ्यापेक्षा ‘आधी कामाची लेखी पद्धत, एसओपी वाच, मग विचार’ असं खेकसणारा बरा. पटत नसेल तर सोडून द्या.)

आमच्याकडे स्टॅबिलिटी चेंबर होते. औषधाचे नमुने महिनोन् महिने 25 अंश सेल्सिअस आणि 60 टक्के आर्द्रतेला ठेवतात आणि ती टिकतात का ते बघतात. दोन अंश वरखाली चालतं, त्यापलीकडे नाही. चेंबरचा स्वतःचा रेकॉर्डर असतो, शिवाय दर चार तासांनी माणसानं जाऊन आकडा बघायचा, रजिस्टरमध्ये लिहायचा आणि सही करायची. बारा, चार, आठ. चारचं रीडिंग त्याचं.

एक दिवस पावणेतीनला फोन आला. “अगं, जरा अडकलोय, तेवढं सांभाळून घे ना.” मी थांबले, चारला रीडिंग घेतलं आणि माझी सही केली. इथवर सगळं ठीक होतं. पुढच्या आठवड्यात पुन्हा फोन. “माझी शॉर्ट सही टाकून दे, उगाच साहेबांना उत्तरं द्यायला नकोत.” टाकली. मग हे आठवड्यातून दोनदा, तीनदा व्हायला लागलं आणि माझी घरी जायची बस चुकायला लागली. शेवटी मी काय केलं, तर चारचं रीडिंग सव्वातीनलाच लिहून निघायला लागले. चेंबर तर कायम पंचवीसवरच असतो, कुठे पळून जाणार आहे?

नेमका हाच सापळा. याचं वाईट असं की तो एकदम लागत नाही. माझी सही, मग त्याची सही, मग न घेतलेलं रीडिंग. तिन्ही पायऱ्यांवर मला वाटत होतं की मी कुणाला तरी मदत करतेय. पहिल्याच दिवशी कुणी म्हणालं असतं की ‘खोटा आकडा लिही’, तर मी ताडकन नाही म्हटलं असतं. तसं कुणी कधी म्हणतच नाही. ‘तेवढं’ म्हणतात.

मग एका दुपारी साडेतीनच्या सुमाराला चेंबरचा कॉम्प्रेसर बंद पडला. अलार्म वाजला, पण तो ऐकायला पाळीवर कुणी नव्हतं. रेकॉर्डरच्या आलेखात चार वाजताचा आकडा 29 च्या पुढे, आणि रजिस्टरमध्ये चार वाजता, निळ्या शाईत, 25.1. पुढे त्याची शॉर्ट सही.

चौकशीत रजिस्टर माझ्यासमोर उलटं करून ठेवलं. मी इंग्रजी सातच्या पोटात आडवी रेघ मारते. शाळेपासूनची सवय. तो मारत नाही. त्या पानावर त्याच्या सहीच्या ओळींत चार ठिकाणी रेघेचा सात होता. साहेबांनी काही विचारलं नाही, नुसतं बोट ठेवलं, एकेका सातवर. आणि तो काय म्हणाला? “मी तर साडेपाचला आलो, हजेरीचा पंच बघा.” शंभर टक्के खरं होतं! त्याच्या उशिरा येण्यानंच तो सुटला. उशिराचा मेमो त्याला, आणि खोटी नोंद व दुसऱ्याची सही माझ्या नावावर. वर्षाची पगारवाढ गेली आणि पुन्हा पहिल्यापासून ट्रेनिंग. आमच्या क्षेत्रात नोंदीचा पहिलाच नियम असा की ती कुणी केली ते कळलं पाहिजे, आणि ती त्याच वेळी केलेली असली पाहिजे. दोन्ही मला तोंडपाठ होते. मुलाखतीत घडाघडा म्हणून दाखवले होते.

नंतर रागाच्या भरात मी या विषयावर बरंच वाचलं. रिंगेलमान नावाचा एक फ्रेंच कृषी अभियंता होता. त्यानं माणसांना दोर ओढायला लावून जोर मोजला आणि 1913 मध्ये ते छापलं. माणसं वाढली तसा प्रत्येकाचा वाटा घटत गेला, आठ जण झाले तेव्हा एकेकाचा जोर जवळपास निम्म्यावर आला. यात सगळ्यांचा झटका एकाच वेळी न बसण्याचाही भाग होता. पण 1979 मध्ये बिब लताने नावाच्या मानसशास्त्रज्ञानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी टाळ्या आणि आरडाओरड्याचे प्रयोग केले, त्यात दिसलं की माणसं गटात खरोखरच हात राखून करतात. मला लागलं ते त्यांच्याच 1981 च्या प्रयोगातलं. आपला आवाज गटातही वेगळा मोजला जातोय असं माणसाला वाटलं की ही ढिलाई गळून पडते. म्हणजे कुणाचं काम कुणाचं हे दिसत राहणं, एवढाच लगाम. आणि मी रोज सव्वातीनला निळ्या पेनानं नेमका तोच पुसत होते. त्याला सवय लागली त्यात माझा हात होता, हे कबूल करायला मला वर्ष लागलं.

आणखी एक गोष्ट कबूल करते. त्या काळात मीही घसरले. ‘तो साडेपाचला येतो, मग मी सव्वासातला आले तर काय बिघडलं?’ आधी पंधरा मिनिटं, मग अर्धा तास, मग सॅम्पल उद्यावर ढकलणं. दुसऱ्याला कमी कष्टात तेवढंच फळ मिळताना दिसलं की माणूस आपले कष्ट कमी करून हिशेब जुळवतो, असं अ‍ॅडम्स नावाच्या मानसशास्त्रज्ञानं 1963 मध्येच मांडून ठेवलंय. तुमच्यातही हे सुरू झालं असेल तर घाबरू नका, तुम्ही वाईट नाही आहात. पण आजच लक्षात घ्या, कारण सहा महिन्यांनी पाट्या टाकणाऱ्यांच्या यादीत कुणीतरी नवखा तुमचं नाव घालेल.

गैरहजर दिसणारा प्रत्येक जण कामचुकार असतो असं मात्र धरू नका. आमच्याकडची एक जण आठवड्यातून तीन दिवस लवकर निघायची. मी चिडून तिला मनात काय काय नावं ठेवली होती! तिच्या वडिलांचं डायलिसिस चालू होतं. आठवड्यातून तीनदा, दर वेळी चारेक तास. तिनं ते लेखी देऊन ठेवलं होतं, बदली कोण करणार हेही ठरलेलं होतं, फक्त मला माहीत नव्हतं. काही ठिकाणी ब्रॅडफर्ड फॅक्टर नावाचं गणित लावतात: किती वेळा गैरहजर, त्याचा वर्ग, गुणिले एकूण दिवस. सलग दहा दिवस रजा घेतली तर आकडा 10 येतो, एकेक करून दहा दिवस घेतली तर 1000. सुट्या दांड्यांनी पाळीचा जास्त खोळंबा होतो म्हणून हे. पण डायलिसिससाठी एकेक दिवस घेणाऱ्या मुलीचाही आकडा तसाच फुगतो. म्हणून हजेरीचे आकडे नाचवणाऱ्या साहेबांवर माझा फारसा विश्वास नाही.

मग करायचं काय? तक्रार घेऊन धावत सुटू नका. नवख्यानं पहिल्याच महिन्यात ‘तो येत नाही’ म्हटलं की विभाग नवख्यालाच टाळतो, हे कडू आहे पण खरं आहे. माणसाबद्दल बोलू नका, कामाबद्दल बोला. ‘तीनला रिलीव्हर आला नाही, मी पावणेपाचपर्यंत थांबले, चारचं रीडिंग मी घेतलं’ हे पाळीच्या वहीत रोज, त्याच सुरात, विशेषणं न लावता लिहायचं आणि प्रमुखाला दाखवायचं. मदत जरूर करा, पण स्वतःच्या सहीनं. आणि फोनवर ‘सांभाळून घे’ आलं की म्हणायचं, “हो, काय काय करायचं ते मेसेज करून ठेव.” माझ्या अनुभवात निम्मे मेसेज येतच नाहीत. ‘स्मार्ट वर्क करा’ सांगणारे सल्लागार यातलं काहीही सांगत नाहीत, कारण त्यांनी रात्रपाळी केलेली नसते.

हे सगळं मला आता सहज जमतं असं समजू नका. परवाच रिलीव्हर आला नाही आणि मलाही थांबता येत नव्हतं. प्रमुखाला फोन केला, वहीत लिहिलं आणि चारचा रकाना मोकळा ठेवून निघाले. दुसऱ्या दिवशी त्यात आडवी रेघ होती, पुढे ‘रीडिंग घेतलेले नाही’, प्रमुखाची सही आणि तारीख. गेटपर्यंत पोचेस्तोवर मात्र दोनदा वाटलं होतं, परत जावं आणि 25.1 लिहून यावं.