गिनीपिग गाभण आहे? आधी नर बाजूला काढा

पिंजऱ्यात नर आणि मादी एकत्र आहेत आणि मादीचं पोट दोन्ही अंगांनी सुटल्यासारखं दिसू लागलंय, तर बाकीचं नंतर वाचा. आधी उठा आणि नर दुसरीकडे हलवा. दुसरा पिंजरा नसेल तर मोठ्या प्लॅस्टिकच्या टबात, पुठ्ठ्याच्या खोक्यात, कुठेही, पण आज. खात्री व्हायची वाट बघू नका. गाभण नसली तर काही बिघडलं नाही, उलट बरंच झालं.

घाईचं कारण असं. गिनीपिगची मादी व्याल्यावर काही तासांतच पुन्हा माजावर येते. पिल्लांची अंगं अजून नीट वाळलेली नसतात, आणि नर शेजारी असेल तर तिला त्याच रात्री पुन्हा गाभ राहतो. म्हणजे अंगावर तीन-चार पिल्लं पीत असताना पोटात पुढची तीन-चार वाढायला लागतात. माझ्याकडे आधीच्या वेळी हेच झालं. खाणं, गवत, औषधं, सगळी तयारी होती. फक्त नर तिथेच ठेवला, कारण तो फार शांत होता आणि दोघांचं छान जमायचं. पहाटे टोपलीत तीन पिल्लं दिसली आणि तो घुमल्यासारखा आवाज करत, मागचा भाग डोलवत तिच्यामागे फिरत होता. ती पळायचीसुद्धा नाही, इतकी दमली होती. दोन महिन्यांनी दुसरी वेळ आली तेव्हा तिच्या कुशींवरचे केस विरळ झाले होते, पाठीचा कणा हाताला लागत होता. पिल्लं मेलेली जन्मली आणि तीही वाचली नाही. म्हणून हा मुद्दा खाली पुन्हा पुन्हा येईल.

लोक काय म्हणतात ते मला माहीत आहे. ‘तो एकटा पडेल.’ पडणार नाही, दोन पिंजरे शेजारी ठेवा. दिसणं, वास, आवाज सगळं मिळतं. ‘मधे जाळी लावू का?’ लावा, पण ती चढून जाता येणार नाही आणि खालून सरकणार नाही अशी, आणि वरून झाकण. त्यांना काही सेकंद पुरतात. ‘आमच्या नराचं ऑपरेशन झालंय.’ कधी झालं? नसबंदीनंतरही सहा आठवडे तरी त्याच्यावर भरवसा ठेवायचा नाही. ‘आमच्याकडे दोन्ही माद्याच आहेत, दुकानात तसंच सांगितलं होतं.’ दुकानात सांगितलेलं सोडून द्या. डॉक्टरांकडून दोघांनाही उलटं करून तपासून घ्या. गाभण मादीजवळ तिची नेहमीची मैत्रीण असलेली मादी राहिली तर चालते, बरंच असतं, नर नाही.

आता दिवसांचा हिशेब. गिनीपिगचा गाभणकाळ ५९ ते ७२ दिवसांचा असतो. मांजराइतकाच लांब, आणि या एवढ्याशा जनावराला हे ओझं फार होतं. शेवटी शेवटी तिचं वजन जवळजवळ दुप्पट होऊ शकतं. नर-मादी कधीपासून एकत्र होती ती तारीख कॅलेंडरवर लिहा. माहीत नसेल तर पोट दिसू लागलं म्हणजे निम्मा काळ सरला असं धरून चला. पोट दाबून पिल्लं मोजायला जाऊ नका. किती आहेत ते सोनोग्राफीत कळतं, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे पिल्लं फार मोठी आहेत का तेही कळतं.

मादीचं वय डॉक्टरांना जरूर सांगा. पहिलं बाळंतपण सहा-सात महिन्यांच्या आत झालेलं नसेल, तर पुढे कमरेच्या हाडांचा सांधा पक्का होत जातो आणि व्यायच्या वेळी पुरेसा उघडत नाही. एक-दीड वर्षाची मादी पहिल्यांदाच गाभण असेल तर सिझेरियनची तयारी कुठे आहे हे आधीच विचारून ठेवायला हवं. याच कारणासाठी हौसेनं पिल्लं काढू नका असं मी प्रत्येकाला सांगते. चुकून झालं असेल तर निभावून न्यायचं, मुद्दाम नको.

डॉक्टर शोधणं हे वेगळं काम आहे आणि ते आठवडाभर खातं. कुत्र्या-मांजरांचे चांगले डॉक्टरही गिनीपिग क्वचितच बघतात. फोनवर सरळ विचारा: गिनीपिगचं बाळंतपण केलंय का? रात्री येता येईल का? सिझेरियन करता का? दोन नंबर मिळवून फ्रिजवर चिकटवा. आणि घरातलं कुठलंही अँटिबायोटिक तिच्या तोंडात घालू नका. आपण सर्रास घेतो ते अमॉक्सिसिलिन, ॲम्पिसिलिन तोंडावाटे दिलं तर गिनीपिगच्या आतड्यातले उपयोगी जंतू मरतात, विषारी वाढतात आणि जनावर दगावतं.

खाण्यात पहिलं गवत, आणि तेही चोवीस तास समोर. टिमथी नावाचं विकतचं सुकं गवत परवडत असेल तर उत्तम. नसेल तर चांगलं वाळलेलं, हिरवट रंगाचं, बुरशीचा वास नसलेलं गवत. भाताचा पेंढा अंथरायला ठीक आहे, त्यावर पोट भरत नाही. हरळी फार आवडीनं खातात. फुलवाल्याकडची दूर्वा स्वच्छ धुऊन दिली तरी चालते, सोसायटीच्या लॉनवरची नको, तिथे फवारणी झालेली असते. एरवी मोठ्या गिनीपिगला लसूणघास (गुरांना घालतात तो हिरवा चारा) रोज देत नाहीत कारण त्यात कॅल्शियम जास्त असतं, पण गाभण आणि पाजणाऱ्या मादीला नेमकं तेच हवं असतं. गोठेवाल्याकडे मिळेल. थोडा सुकवून, रोज मूठभर.

दुसरं क जीवनसत्त्व. गिनीपिगच्या शरीरात ते माणसांप्रमाणेच तयार होत नाही, रोज बाहेरून द्यावं लागतं. एरवी किलोमागे दिवसाला १० मिलिग्रॅमच्या आसपास पुरतं, गाभणपणात ३०. साधारण ४० ग्रॅम ढोबळी मिरची, म्हणजे मध्यम मिरचीचा पाव-अर्धा भाग, एवढी गरज भागवते. सोबत कोथिंबीर, कधी पेरूची लहानशी फोड, चिमूटभर आवळ्याचा कीस खाल्ला तर खाल्ला. पाण्याच्या बाटलीत थेंब टाकायची पद्धत सोडा. पाण्यात आणि उजेडात ते लवकर नष्ट होतं, शिवाय चव बदलली की ती पाणीच कमी पिते. सशाच्या पेलेट्समध्ये (तयार खाद्याच्या गोळ्यांमध्ये) क जीवनसत्त्व नसतं, पाकिटावर कोणाचंही चित्र असलं तरी. मुलांचं मल्टिव्हिटॅमिन सिरपही नको, अ आणि ड अंगात साठतात. कांदा, लसूण, बटाटा, अळू नाही. बाकी भाज्या तुम्हाला माहीत आहेत.

स्वयंपाकघरातला डिजिटल काटा घ्या आणि रोज एकाच वेळी तिचं वजन लिहा. पूर्ण यादीत नर हलवण्याच्या खालोखाल हेच. आकडा चढत राहायला हवा. शेवटच्या दोन आठवड्यांत आणि व्याल्यानंतरच्या पहिल्या आठवड्यात या माद्यांना एक जीवघेणा त्रास होतो: पोटात जागा उरत नाही म्हणून खाणं कमी होतं, शरीर स्वतःची चरबी जाळायला लागतं आणि रक्तात किटोन नावाचे घातक पदार्थ साठतात. लठ्ठ मादीला धोका अधिक, पण म्हणून आता तिचं खाणं तोडायचं नाही. तेच सगळ्यात घातक. ती कोपऱ्यात फुगून बसली, केस पिंजारले, आवडती कोथिंबीरही हुंगून सोडली, तोंडाला नेलपॉलिश रिमूव्हरसारखा वास आला, तर ‘उद्या सकाळी बघू’ म्हणू नका. तिला सकाळ मिळेलच असं नाही.

वजन करताना तिला उचलायचंही बेतानं. पोटाखाली हात घालून हवेत धरायचं नाही. तिला स्वतःहून खोक्यात चालत येऊ द्या आणि खोकंच काट्यावर ठेवा, नंतर खोक्याचं वजन वजा करा. नखं कापणं, आंघोळ, पाहुण्यांच्या मुलांच्या मांडीवर देणं, सगळं बंद.

उन्हाळा असेल तर हे काम दुप्पट अवघड. अँडीजच्या थंड डोंगरांतलं हे जनावर. खोलीचं तापमान २७-२८ अंशांच्या वर गेलं की त्याला त्रास सुरू होतो आणि गाभण मादीला सगळ्यात आधी होतो. गॅलरीत पिंजरा ठेवून भागणार नाही. फरशीवर, घरातल्या सगळ्यात थंड खोलीत. बाटलीत पाणी गोठवून, फडक्यात गुंडाळून जवळ ठेवा, तिला हवं तेव्हा ती टेकून बसते. कोरड्या हवेत कूलर चालतो, मुंबई-कोकणात तो नुसता दमटपणा वाढवतो. एसीचा झोत थेट अंगावर नको. आणि दिवाळीच्या सुमारास दिवस भरत असतील तर आतली खोली, बंद खिडक्या, वरून जाड चादर. घाबरली की खाणं थांबतं, आणि खाणं थांबलं की काय होतं ते वर लिहिलं आहे.

पिंजऱ्यात बदल करायचे ते दिवस भरायच्या आठ-दहा दिवस आधी करा, ऐनवेळी नाही. वरचा मजला, त्यावर चढायची उतरती फळी काढून टाका. दोन गजांमधलं अंतर अडीच सेंटिमीटरपेक्षा जास्त असेल तर नवजात पिल्लू त्यातून निसटतं किंवा अडकतं. खालचा वीतभर भाग बाहेरून सनपॅक शीटनं बंद करा. खाली वर्तमानपत्र आणि त्यावर भरपूर मऊ गवत. कापूस नको, सुटणारे दोरे असलेलं कापड नको, पिल्लांच्या पायात गुंततं. पाण्याचं खोल भांडं काढा, बाटली एक नेहमीच्या उंचीवर, एक पिल्लांच्या तोंडाला येईल अशी. लपायला दोन दारांचं घर, म्हणजे कोणी आत अडकत नाही. चाक नको, ते कधीच नको.

आणि नर? हलवलात ना? तारखेचा घोळ असेल, पंधरवडा आहे असं वाटत असेल, तरी. बहुतेक जण ‘दिवस भरत आले की हलवू’ म्हणतात आणि ती अशीच एखाद्या रात्री चार दिवस आधी विते.

शेवटच्या आठवड्यात कमरेच्या हाडांमधली फट बोटाला जाणवू लागते. ती बोटभर झाली की वेळ जवळ आली. हे डॉक्टरांकडून एकदा शिकून घ्या, रोज चाचपत बसू नका. व्यायच्या वेळी ती पुढे वाकून बसते, उचक्या लागल्यासारखी हलते, आणि पिल्लू ओढून घेऊन त्याच्यावरचं आवरण दातांनी काढते, वार खाऊन टाकते. सगळं तास-अर्ध्या तासात उरकतं. तुम्ही लांब बसा, दिवा मंद ठेवा, फोटो नंतर. हात घालायचा तो एकाच प्रसंगी: पिल्लं भराभर आली आणि एखादं आवरणातच राहिलं, तर स्वच्छ फडक्यानं त्याच्या नाकातोंडावरचा पडदा फाडा, अंग चोळून कोरडं करा आणि तिच्यापुढे ठेवा. वीस मिनिटं जोरात कुंथूनही काही येत नसेल, रक्त वाहत असेल, घाण वासाचा स्राव असेल, तर फ्रिजवरचा नंबर लावा आणि निघा. ओढायचं नाही.

पिल्लं केसाळ, डोळे उघडे, दातांसकट जन्मतात आणि त्याच दिवशी धावतात. ७० ते १०० ग्रॅम वजन चांगलं, ६० च्या खालच्यावर लक्ष ठेवा. पहिल्या दिवशी थोडं उतरतं, मग रोज तीन-चार ग्रॅमनं चढायला हवं. आईला दोनच सड असतात, आळीपाळीनं पितात. मागे पडणारं असेल तर त्याला तिच्याजवळ एकटं सोडून पाजवा. गाईचं दूध नको. हाताळलं तर आई टाकत नाही, घाबरू नका. एक-दोन दिवसांत गवत कुरतडू लागतात. आईचं खाणं आणि वजन चालूच ठेवा, सड लाल किंवा गरम झाले तर डॉक्टर.

मग तीन आठवडे. एकविसाव्या दिवशी नर पिल्लं आई आणि बहिणींपासून वेगळी. लहान दिसतात, गोड दिसतात, पण याच वयात ते आईलाही गाभण करू शकतात. तेव्हा नर बाजूला काढा म्हणजे हेही नर. कोणतं नर, कोणतं मादी हे विसाव्या दिवशीच डॉक्टरांना दाखवून घ्या. शंका असलेलं पिल्लू माद्यांत ठेवायचं नाही. आणि बापाला परत मादीकडे किंवा मुलींकडे सोडायचं नाही, ऑपरेशन होऊन सहा आठवडे उलटेपर्यंत. मुलगे मात्र त्याच्याकडे जाऊ शकतात: आधी दोघांनाही नवख्या जागेत, जमिनीवर भेटवा, मग धुतलेल्या पिंजऱ्यात. तिथे लपायला दोन जागा, दोन बाटल्या, दोन ठिकाणी गवत ठेवा.