सोमवारच्या सेल्स मीटिंगमध्ये ‘ऑर्डर कधी येणार?’ विचारू नका

उत्तर ठरलेलंच असतं: ‘साहेब, या महिन्यात नक्की.’ त्यापेक्षा प्रत्येक कोटेशनमागे एवढंच विचारा, की गेल्या पंधरा दिवसांत समोरच्या कंपनीने स्वतःहून काय केलं? ड्रॉइंग पाठवलं, ट्रायलची तारीख दिली, व्हेंडर रजिस्ट्रेशनचा फॉर्म धाडला, तर डील जिवंत आहे. आपल्याच सेल्सच्या पोराने चार फोन केले आणि पर्चेसवाला ‘बघतो’ म्हणाला, ही हालचाल नव्हे. चाकण-भोसरीच्या कारखान्यांत चहा तर सगळेच पाजतात! अशी कोटेशनं अपेक्षित ऑर्डरच्या यादीतून सरळ काढा. आकडा घटेल, मालक वैतागतील, वैतागू द्या. वाचलेला वेळ समोरच्या कंपनीच्या मेंटेनन्स मॅनेजरला भेटण्यात घाला. मशीन बंद पडलं की रात्री दोनला फोन त्यालाच येतो, त्यामुळे पीओची, म्हणजे पर्चेस ऑर्डरची, घाईही त्यालाच असते.