गोठीत रेतमात्रांच्या नायट्रोजन कंटेनरची निगा

वर्धा जिल्ह्यातील आर्वी, आष्टी आणि कारंजा हा गवळाऊ गाईचा पट्टा आहे. या जातीचा एखादा चांगला वळू मेल्यानंतरही त्याची वासरे अनेक वर्षे जन्माला येऊ शकतात, कारण त्याचे रेत पाव मिलीलिटरच्या बारीक प्लास्टिक नळ्यांमध्ये, म्हणजे कांड्यांमध्ये, गोठवून उणे १९६ अंश सेल्सिअसच्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये ठेवता येते. तापमान सुमारे उणे १३० अंशांच्या वर गेले, की कांडीतील बर्फाचे सूक्ष्म स्फटिक पुन्हा वाढू लागतात आणि शुक्राणूंना इजा करतात. कांडी परत बुडवली तरी ही इजा भरून निघत नाही. निकामी कांडी बाहेरून चांगल्या कांडीसारखीच दिसते आणि नुकसान कळते ते गाय उलटल्यावर, म्हणजे माजाचा एक फेरा वाया गेल्यावर. म्हणून गावोगावी कृत्रिम रेतन करणाऱ्यांनी कंटेनरमधील नायट्रोजनच्या पातळीकडे सर्वांत आधी लक्ष द्यावे.

पातळी मोजण्यासाठी लाकडी किंवा प्लास्टिकची भरीव पट्टी तळापर्यंत सोडून सुमारे दहा सेकंद ठेवावी, बाहेर काढून हवेत हलवावी आणि तिच्यावर जेवढ्या उंचीपर्यंत दव गोठून पांढरे होईल, तेवढी पातळी समजावी. पोकळ नळी वापरू नये. तिच्यातून नायट्रोजन उसळून अंगावर येतो. मोजलेला आकडा त्याच दिवशी तारखेसह वहीत लिहावा, कारण एका दिवसाच्या आकड्यापेक्षा आठवड्याचा उतार अधिक सांगतो. शक्य असल्यास कंटेनरचे वजनही करावे: एक लिटर नायट्रोजन सुमारे ८०८ ग्रॅम भरतो, तेव्हा वजनातील घट थेट लिटरमध्ये मोजता येते. नेहमीपेक्षा घट अचानक वाढली किंवा गळ्याभोवती बाहेरून पाणी सुटू लागले, दव गोठू लागले, तर दोन भिंतींमधील निर्वात पोकळी गेली असे समजून क्षणही न दवडता कांड्या नायट्रोजनने भरलेल्या दुसऱ्या कंटेनरमध्ये हलवाव्यात. असे कंटेनर गावात दुरुस्त होत नाही.

विदर्भातील एप्रिल-मे हा खरा कसोटीचा काळ आहे. पारा पंचेचाळीसच्या पुढे गेला, तरी कंटेनर सावलीत, हवेशीर खोलीत, जमिनीवर न ठेवता लाकडी पाटावर उभे असावे. पत्र्याच्या शेडमध्ये किंवा मोटरसायकलला बांधून उन्हात उभे ठेवू नये. मात्र उन्हाच्या भीतीने ते बंद खोलीतही कोंडू नये. एक लिटर द्रवापासून सुमारे सातशे लिटर वायू होतो आणि तो खोलीतील प्राणवायूची जागा घेतो. माणूस गुदमरतो, आणि वास किंवा रंग नसल्याने त्याला कळतही नाही. झाकण घट्ट लावण्याचा मोहही टाळावा, कारण वायूला वाट मिळालीच पाहिजे. गाडीतून नेताना काच उघडी असावी आणि नायट्रोजन ओतताना चष्मा व सैल हातमोजे वापरावेत.

नायट्रोजन वरून खाली उतरत जातो, हे कांड्या मांडताना ध्यानात ठेवावे. १९६७ साली जेम्स बेडफर्ड या अमेरिकन माणसाचे शरीर भविष्यात पुन्हा जिवंत करता येईल या आशेने गोठवण्यात आले. आज ते ॲरिझोनातील स्कॉट्सडेल येथील अल्कोर या संस्थेत आहे. तेथे शरीरे डोके खाली करून ठेवली जातात, कारण पातळी घटली तरी मेंदू शेवटी उघडा पडावा. गोठवलेले माणसाचे शरीर आजवर कधीही परत उठलेले नाही, मात्र आपल्या कांडीतून वासरू होते, हे आपण रोज पाहतो. तेव्हा आपली जबाबदारी अधिक खरी आहे. कंटेनरच्या आत कांड्या ठेवण्याचा जो डबा असतो, त्यात दोन थर असल्यास दुर्मीळ गवळाऊ वळूच्या कांड्या खालच्या थरात ठेवाव्यात आणि वरच्या थरात रोजच्या वापराच्या ठेवाव्यात.

कांडी काढताना डबा गळ्याच्या वर येऊ देऊ नये. गळ्याच्या तोंडाशी तापमान शून्याच्या आसपास असते, त्यामुळे तेथे रेंगाळलेल्या बाकीच्या कांड्यांचा जीव जातो. पाच-सात सेकंदांत कांडी चिमट्याने उचलता आली नाही, तर डबा पुन्हा बुडवून थोडे थांबावे. कोणत्या डब्यात कोणत्या वळूच्या कांड्या आहेत याचा नकाशा झाकणावर चिकटवला, तर शोधाशोध होत नाही.

कांडी ३७ अंशांच्या पाण्यात तीस सेकंद धरून वितळवावी. येथे हाताचा अंदाज चालत नाही: मे महिन्यात टाकीचे पाणी चाळीस अंशांच्या वर गेलेले असते, तर डिसेंबरच्या पहाटे पाणी गार असते, म्हणून तापमापी नसल्यास रेतन करू नये. नंतर कांडी पुसून कोरडी करावी, ऊन लागू न देता रेतन करण्याच्या नळीत, म्हणजे गनमध्ये, भरावी आणि पंधरा मिनिटांच्या आत वापरावी. हिवाळ्यात गन आधी हाताने चोळून कोमट करावी.

पातळी केव्हातरी फार खाली गेली होती अशी शंका असल्यास नायट्रोजन भरून गप्प बसू नये. त्या डब्यातील एक-दोन कांड्या सूक्ष्मदर्शक असलेल्या पशुवैद्यकाकडे वितळवून शुक्राणूंची हालचाल तपासून घ्यावी आणि ती मंद आढळल्यास त्या डब्यातील कांड्या वेगळ्या काढून पशुपालकाच्या गाईसाठी वापरू नयेत.